रिपीटर ऐकू येतो, उघडत मात्र नाही

हॅम रेडिओ, सीबी आणि स्वस्तातले हँडहेल्ड सेट : वाचकांचे प्रश्न

प्रश्न (सातारा) : मला नुकताच व्हीयू३ कॉल साइन, म्हणजे हॅमचे (परवानाधारक हौशी रेडिओवाल्याचे) हवेतले नाव, मिळाला. बाओफेंग यूव्ही-५आर हा हातातला सेट घेतला. डोंगरावरचा रिपीटर स्वच्छ ऐकू येतो, पण मी हाक मारली की कुणी उत्तर देत नाही. सेट बिघडलेला आहे का?

उत्तर : सेट बहुधा ठणठणीत आहे. रिपीटर, म्हणजे आपला आवाज ऐकून तो पुढे पाठवणारे उंचावरचे यंत्र, एका फ्रिक्वेन्सीवर बोलतो आणि दुसरीवर ऐकतो. २ मीटर बँडवर, म्हणजे १४५ मेगाहर्ट्झच्या आसपास, या दोहोंत साधारणपणे ६०० किलोहर्ट्झचे अंतर असते. तुम्ही जिथे ऐकता तिथेच बोलत असाल, तर त्याच्या कानावर काहीच पडत नाही. शिवाय पुष्कळ रिपीटरांना टोनचे कुलूप असते. आवाजाखाली ठरावीक बारीक गुणगुण नसेल तर दार उघडत नाही. त्यामुळे गावातल्या जुन्या हॅमला तीन गोष्टी विचारा : रिपीटर कशावर बोलतो, शिफ्ट (बोलण्या-ऐकण्यातले ते अंतर) वजा की अधिक, आणि टोन कोणता.

समजा उत्तर आले, १४५.६५०, वजा, ८८.५. व्हीएफओ/एमआर बटण दाबून फ्रिक्वेन्सी मोडवर या आणि वरची ए ओळ निवडा. आधी मेनू ७ मधला टीडीआर बंद करा. तो चालू असला की सेट दोन्ही ओळी ऐकत बसतो आणि नको त्या ओळीवरून बोलतो. मग १४५६५० टाका. मेनू २५ मध्ये वजा, २६ मध्ये ००.६००, १३ मध्ये ८८.५. मेनू ११ बंदच राहू द्या. तो ऐकण्याच्या बाजूचा टोन आहे, आणि रिपीटर टोन परत पाठवत नसेल तर तुमचा सेट मुका वाटेल. आता पीटीटी, म्हणजे बोलण्याचे बटण, दाबून पडद्याकडे पाहा. आकडा १४५.०५० व्हायला हवा. बटण सोडल्यावर क्षणभर रिपीटरची शेपटी, म्हणजे त्याच्या वाहक लहरीचा आवाज, ऐकू आला की काम झाले.

खरी गोची पुढे, साठवताना होते. मेनू २७ मध्ये रिकामा चॅनेल, समजा १०, निवडून साठवले की पुष्कळ जण इथेच थांबतात. या सेटला बोलण्याची बाजू वेगळी साठवावी लागते. तारांकित स्कॅन बटण झटकन एकदा दाबा. आकडा उलटून १४५.०५० दिसेल. पुन्हा मेनू २७, पुन्हा तोच १० नंबर. मग स्कॅन बटण परत दाबून मूळ जागी या, मेमरी मोडमध्ये जा आणि पीटीटी दाबून आकडा बदलतो का ते बघा. नाही बदलला, तर मेनू २८ मधून चॅनेल पुसून पहिल्यापासून करा.

एवढे करूनही आवाज बारीक जातो, अशी तक्रार आली तर मेनू ५ ‘वाइड’वर आहे का पाहा. आणि बटण दाबल्या दाबल्या बोलू नका. टोन ओळखायला रिपीटरला अर्धा-एक सेकंद लागतो. नवख्यांचा ‘व्हीयू’ नेहमी तिथेच गिळला जातो.

प्रश्न (नाशिक) : ५ वॅटचा सेट घ्यावा की थोडे जास्त पैसे टाकून ८ वॅटचा?

उत्तर : ५ चाच घ्या. ५ वरून ८ वॅट म्हणजे जेमतेम २ डेसिबलची वाढ. एस-मीटरची (सेटवरच्या सिग्नलमापकाची) एक पायरी ६ डेसिबलची धरतात, म्हणजे समोरच्याला पायरीचा एक तृतीयांश. त्याला फरक कळणारही नाही, तुमची बॅटरी मात्र लवकर बसेल. व्हीएचएफवर (२ मीटर बँड त्यातलाच) खेळ उंचीचा असतो. अँटेनाच्या मीटरमधल्या उंचीचे वर्गमूळ काढून ४.१२ ने गुणा, की रेडिओचे क्षितिज किलोमीटरमध्ये मिळते. हातातला सेट दीड मीटरवर : ५ किलोमीटर. चार मजली इमारतीच्या गच्चीवर, सुमारे १६ मीटरवर : साडेसोळा. सिंहगड पुण्याच्या जमिनीपेक्षा सुमारे साडेसातशे मीटर उंच आहे, तिथून ११० किलोमीटरच्या वर. दोन्ही टोकांची क्षितिजे मिळवायची, मध्ये डोंगर नसेल असे गृहीत धरून.

वाचलेल्या पैशांतून नव्हे, जवळजवळ फुकटात सुधारणा हवी असेल तर ४९ सेंटीमीटर लवचीक तार घ्या. एक टोक सोलून वळसा करा आणि अँटेनाच्या बुडाशी असलेल्या धातूच्या कड्याला टेकेल असा अडकवा. तार खाली लोंबत ठेवा. सोबत आलेला रबरी अँटेना अर्धाच असतो, दुसऱ्या अर्ध्याचे काम तुमचा हात आणि सेट कसेबसे करतात. ही शेपटी ते काम नीट करते. वळसा मधल्या पिनला मात्र शिवता कामा नये.

प्रश्न (रत्नागिरी) : गच्चीवर लावण्यासाठी २ मीटरचा अँटेना घरी करता येईल का? मोजमापांसह सांगावे.

उत्तर : येईल, आणि पहिला अँटेना घरीच करावा. साहित्य थोडे आहे : एसओ-२३९ हा चार भोकांचा पॅनेलवर बसणारा सॉकेट, ३ मिलीमीटरची पितळी ब्रेझिंग सळई किंवा अर्थिंगची १२ नंबरची तांब्याची तार, आणि ३ मिलीमीटरचे चार नट-बोल्ट. सॉकेट मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत मिळतो. सळई कोणत्याही हार्डवेअरवाल्याकडे.

सॉकेटच्या मधल्या कपात ५१ सेंटीमीटरचा तुकडा उभा सोल्डर करा. सळई आधी पॉलिश पेपरने घासून चकचकीत करा आणि निदान ६० वॅटची सोल्डरिंगची इस्त्री वापरा. २५ वॅटची लहान इस्त्री पितळेपुढे हात टेकते, सोल्डर वरवर गोळा होतो आणि पहिल्या वाऱ्यात सळई निखळते. चार कोपऱ्यांना प्रत्येकी ५२ सेंटीमीटरचे चार पाय बोल्टने आवळा आणि ४५ अंशांत खाली वाकवा. पाय आडवे ठेवले तर अँटेनाचा रोध ३६ ओहमच्या आसपास राहतो. खाली वाकवल्यावर तो ५० कडे सरकतो, आणि सेटला तेच हवे असते.

आता उभी सळई टोकाकडून अर्धा-अर्धा सेंटीमीटर कापत एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत येते याचे माप; एकच्या जितका जवळ तितका चांगला) पाहा. एक सेंटीमीटर म्हणजे सुमारे ३ मेगाहर्ट्झ, त्यामुळे घाई नको. साधारण ४९ वर ती १४५ ला बसते. मीटर नसेल तर सरळ ४९ ला कापा आणि बोलायला लागा. हाच अँटेना ४३५ वरही चालतो, कारण १४५ ची तिप्पट ४३५. फक्त तिथे त्याचा बराच जोर आकाशाकडे जातो.

केबलमध्ये लोक फसतात. बाजारात सर्रास मिळणारी आरजी-५८ दर १० मीटरला १४५ वर सुमारे २ डेसिबल खाते. ५ वॅट पाठवले तर वर ३ पोचतात. त्यात केबल लांब असली की एसडब्ल्यूआर खोटाच चांगला दिसतो, कारण परत येणारी शक्तीही वाटेत जिरते. म्हणून मोजायचे ते अँटेनाच्या पायथ्याशी. डिश टीव्हीची आरजी-६ केबल ७५ ओहमची म्हणून नाक मुरडतात, पण तिचा ऱ्हास याच्या निम्म्याहून कमी आहे आणि एसडब्ल्यूआर दीडपर्यंत गेला तर या सेटला काही होत नाही. तिची अडचण वेगळीच आहे. वरची जाळी ॲल्युमिनियमची असते आणि तिला सोल्डर चिकटत नाही. एफ कनेक्टर क्रिंप करून ॲडॉप्टर लावा.

सेटकडच्या टोकाला जाड केबल थेट लटकवू नका, एसएमए सॉकेट (सेटवरचा अँटेनाचा लहान सॉकेट) आतून उखडतो. आरजी-१७४ या बारीक केबलचा वीतभर तुकडा मध्ये घ्या. बाओफेंगच्या सॉकेटात मधोमध बारीक पिन असते, त्यामुळे तुकड्याचे टोक एसएमए फीमेल हवे. बऱ्याच जपानी सेटना नेमके उलटे लागते. रत्नागिरीच्या खाऱ्या वाऱ्यात जोड उघडे ठेवलेत तर पहिल्या पावसातच हिरवे पडतील. सेल्फ-ॲमॅल्गमेटिंग टेप गुंडाळा आणि केबलला घरात शिरण्याआधी खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून ठिबकेल. वळिवाचे ढग दिसले की केबल सेटपासून काढून बाहेर टाका.

प्रश्न (कर्जत) : आमचा ट्रेकिंगचा गट आहे, परवाना कुणाकडेच नाही. हे सेट फक्त गडावर वापरले तर चालतील का?

उत्तर : नाही. हॅम बँडवर बोलायला तर परवाना लागतोच, असा सेट नुसता जवळ बाळगायलाही लागतो. विनापरवाना वापरासाठी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा पट्टा मोकळा आहे, पण त्यासाठी ईटीए (उपकरणाच्या प्रकाराची सरकारी) मान्यता असलेला कमी शक्तीचा वॉकी-टॉकी हवा. यूव्ही-५आर ४४६ वर लावता येतो म्हणून तो त्या सवलतीत बसत नाही. ऑनलाइन विक्रीत हा घोळ इतका वाढला, की २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला वॉकी-टॉकीच्या विक्रीसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वे काढावी लागली. जाहिरातीत फ्रिक्वेन्सी आणि ईटीए यांचा उल्लेख नसेल तर ती वस्तू घेऊ नका.

गटातल्या दोघा-तिघांनी परीक्षा द्यावी हे अधिक बरे. वयाची अट १२ वर्षे पूर्ण. रिस्ट्रिक्टेड या खालच्या ग्रेडला मोर्स नाही. जनरलला मिनिटाला ८ शब्द. अर्ज दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवर.

प्रश्न (कोल्हापूर) : काकांनी अमेरिकेतून आणलेला ४० चॅनेलचा, गाडीत लावायचा सीबी (सिटिझन्स बँड) सेट माळ्यावर सापडला. इथे वापरता येईल?

उत्तर : ४० चॅनेल म्हणजे १९७७ किंवा त्यानंतरचा. त्याआधी अमेरिकेत २३ च होते. १९७३ च्या तेलटंचाईत आणि ताशी ५५ मैलांच्या वेगमर्यादेच्या काळात तिथल्या ट्रकचालकांनी हा रेडिओ घरोघरी पोचवला : कुठल्या पंपावर डिझेल आहे, पुढे पोलीस कुठे दबा धरून बसलेत, हे चॅनेल १९ वर कळे. ‘टेन-फोर’, म्हणजे ‘कळले’, हा शब्दही त्यांच्यामुळेच जगभर गेला.

आपल्याकडे २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ हा सीबी पट्टा २००५ पासून विनापरवाना आहे, ५ वॅटपर्यंत आणि सेटमध्येच बसवलेल्या अँटेनासह. काकांच्या सेटचे १ ते २७ चॅनेल या पट्ट्यात येतात. २८ वा २७.२८५ वर, म्हणजे २ किलोहर्ट्झने बाहेर पडतो. शिवाय त्याला बाहेरचा अँटेना लागतो, म्हणून बोलण्यासाठी तो सवलतीत बसत नाही.

ऐकून पाहायचा मोह होईलच. १३.८ व्होल्टचा पुरवठा आणि २ अँपिअरचा फ्यूज लावा, लाल-काळी तार दोनदा तपासा. उलट जोडली तर आतला संरक्षक डायोड शॉर्ट होतो आणि मग सुलट जोडूनही फ्यूज उडत राहतो. अँटेना म्हणून पावणेतीन मीटर तार पुरे. सौर डाग भरात असले की दुपारी या पट्ट्यावर हजारो किलोमीटरवरचे आवाज येतात.

प्रश्न (पणजी) : प्रोग्रॅमिंग केबल लावली, पण चर्प हे सेटमध्ये चॅनेल भरायचे सॉफ्टवेअर ‘रेडिओने उत्तर दिले नाही’ असे सांगते.

उत्तर : दोन कारणे नेहमीची. स्वस्त केबलमध्ये प्रोलिफिक चिपची नक्कल असते आणि विंडोजचा नवा ड्रायव्हर ती नाकारतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळे चिन्ह दिसले तर ३.२.०.० हा जुना ड्रायव्हर हाताने निवडा, नाहीतर एफटीडीआय किंवा सीएच३४० चिपची केबल घ्या. चिन्ह नसेल तर प्लग पूर्ण बसलेला नाही. त्याच्या भोवतीची प्लॅस्टिकची कड सेटच्या कव्हरला अडते. ब्लेडने ती मिलीमीटरभर तासा आणि ‘टक’ आवाज येईपर्यंत दाबा. जोडणी झाली की आधी सेटमधली माहिती उतरवून ती फाइल वेगळी जपा, मगच चॅनेल भरा. दुसऱ्याच्या सेटची फाइल जशीच्या तशी चढवू नका. फर्मवेअर वेगळे असेल तर सेट विचित्र वागू लागतो, आणि मग ती जपलेली फाइलच परत चढवावी लागते.