हास्केल ही प्रोग्रॅमिंग भाषा लेझी (गरज पडेल तेव्हाच गणना करणारी) असताना ‘डेफिनिशनल ट्री’ची, म्हणजे आधी काय तपासायचे हे ठरवणाऱ्या नियमांच्या वृक्षाकृती मांडणीची, वेगळी गरज का भासते?

कारण हास्केल फंक्शनचे नियम वरून खाली आणि अर्ग्युमेंट (फंक्शनला दिलेली मूल्ये) डावीकडून उजवीकडे तपासते, आणि हा क्रम दर वेळी खऱ्या गरजेशी जुळतोच असे नाही. समजा, फ(०, स(य)) → य आणि फ(क्ष, ०) → ० असे दोन नियम आहेत; इथे स(य) म्हणजे ‘य’च्या पुढची संख्या. फ(अ, ०) मध्ये ‘अ’ची गणना कधीच संपणारी नसेल, तर हास्केल पहिल्या नियमासाठी आधी ‘अ’ला हात घालते आणि तिथेच अडकते, उत्तर मात्र ‘अ’कडे न पाहताही ० हेच आहे. संगणकशास्त्रज्ञ सर्जिओ अँटॉय यांनी १९९२ मध्ये मांडलेला डेफिनिशनल ट्री, दोन्ही नियमांना दुसऱ्या अर्ग्युमेंटचा आकार लागतो हे ओळखून, तिथूनच सुरुवात करतो. नियमांचा असा ट्री बनत असेल, तर त्यानुसार टाकलेले प्रत्येक पाऊल आवश्यकच असते. ‘करी’ या प्रोग्रॅमिंग भाषेतील नीडेड नॅरोइंग, म्हणजे अज्ञात चलांना किंमती देत फक्त आवश्यक पावलेच टाकण्याची गणनापद्धत, यावरच उभे आहे.