एक्स्कॅव्हेटरची रोजची देखभाल म्हणजे नेमकं काय करायचं?

सकाळी इंजिन सुरू करण्याआधी, मशीन सपाट जागेवर असताना इंजिन ऑइल, कूलंट आणि हायड्रॉलिक ऑइलची पातळी बघा. वॉटर सेपरेटरमध्ये (डिझेलमधलं पाणी वेगळं करणारा फिल्टर) साचलेलं पाणी सोडून द्या. मग ग्रीस. बूम (मशीनला जोडलेला मोठा हात), आर्म (त्याच्या पुढचा हात) आणि बकेट यांच्या सांध्यांतल्या पिनांना साधारण दर 10 तासांनी. पाण्यात किंवा चिखलात काम असेल तर बकेटकडच्या पिनांना त्याहून लवकर. कंजुषी नेमकी इथेच होते, मग पिन आणि तिच्याभोवतीचं बुश (धातूची नळी) झिजून बकेट खडखडायला लागते.

सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे चेन, म्हणजे मशीन ज्यावर चालतं तो पट्टा. काम संपलं की चिखल काढा. तो वाळला की रोलर (चेनवर फिरणारी छोटी चाकं) अडकतात. चेन जितकी घट्ट तितकी चांगली, हा समज चुकीचा आहे. फार घट्ट असेल तर लिंक (चेनच्या कड्या) आणि स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक) झिजतात, फार सैल असेल तर ती उतरते. चिखलात थोडी सैलच बरी.

हायड्रॉलिक होजची (दाबाचं तेल नेणारी नळी) गळती हाताने कधीच चाचपू नका! बारीक छिद्रातून दाबाने येणारं तेल कातडीच्या आत घुसतं. पुठ्ठा धरून बघा.

इंजिन ऑइल मॉडेलनुसार बहुधा 250 किंवा 500 तासांनी बदलतात. हिशोब अवर मीटरवरून (इंजिन किती तास चाललं ते दाखवणारं मीटर) ठेवा, ऑपरेटरच्या आठवणीवरून नको.