मावळ लोकसभा मतदारसंघ कधी झाला? चिंचवड आधी कुठं होतं?

मावळ तसा नवाच आहे, 2008 च्या पुनर्रचनेत तयार झाला आणि 2009 ला पहिली निवडणूक. त्याआधी पिंपरी-चिंचवड बारामती लोकसभेत होतं, मावळ तालुका खेडमध्ये आणि पनवेल कुलाब्यात (म्हणजे मुंबईतलं कुलाबा नाही, आताच्या रायगडच्या जागी असलेला जुना मतदारसंघ). मग पिंपरी, चिंचवड, मावळ हे घाटावरचे तीन आणि पनवेल, उरण, कर्जत हे घाटाखालचे तीन असे सहा विधानसभा एकत्र जोडले, आणि भोसरी मात्र शिरूरला टाकली, म्हणजे एकाच महापालिकेतले वाकडवाले मावळला मत देतात आणि मोशीवाले शिरूरला! मला तरी हे कधीच पटलं नाही.

खासदार म्हणाल तर 2009 ला शिवसेनेचे गजानन बाबर, नंतर 2014 पासून सलग तीनदा श्रीरंग बारणे. 2019 ला त्यांनी पार्थ पवारांना दोन लाखांहून जास्त मतांनी हरवलं, 2024 ला शिंदेंच्या शिवसेनेकडून ठाकरे गटाच्या संजोग वाघेरेंना हरवलं.

पण इथला खरा प्रश्न पाण्याचा. पवना धरणातून पिंपरी-चिंचवड शहराला बंद पाइपलाइननं पाणी न्यायला मावळातल्या शेतकऱ्यांचा विरोध होता, 9 ऑगस्ट 2011 ला बऊरजवळ एक्सप्रेसवेवर आंदोलन झालं, पोलिसांच्या गोळीबारात तिघं गेले, त्यात एक बाईसुद्धा होती. पाणी मागणारे आणि पाणी अडवणारे दोघंही एकाच खासदाराचे मतदार, त्यामुळे इथं कुठल्याही उमेदवाराला पाण्यावर ठाम बोलणं अवघडच जातं.