शंका-समाधान : एका पावसाळ्यावरून प्रारूप पारखता येते का?

हवामानाच्या संगणकीय प्रारूपांविषयी, म्हणजे बोलीभाषेतल्या ‘मॉडेल’विषयी, आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पुणे शहर आणि जिल्ह्यातली आहेत. त्यांतील काही प्रश्नांना येथे उत्तरे देत आहोत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : पुढच्या दहा दिवसांत पुण्यात पाऊस पडेल की नाही, हे खात्रीने सांगता येत नाही. मग 2050 साली तापमान किती वाढलेले असेल, हे सांगणाऱ्यांवर विश्वास का ठेवावा? (कोथरूड)

उत्तर : दोन्ही कामांसाठी वापरली जाणारी भौतिकशास्त्राची समीकरणे बहुतांशी एकच असली, तरी त्यांना विचारलेले प्रश्न वेगळे असतात. दहा दिवसांचा अंदाज हा आजच्या वातावरणाच्या नेमक्या स्थितीवरून काढला जातो. त्या स्थितीच्या मोजमापात अगदी बारीक त्रुटी असली, तरी ती दिवसागणिक वाढत जाते आणि साधारण दोन आठवड्यांनंतर अंदाजात काही अर्थ उरत नाही, हे हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांच्या 1963 पासूनच्या संशोधनातून स्पष्ट झाले. उपकरणे कितीही सुधारली तरी ही मर्यादा पूर्णपणे नाहीशी होणार नाही, कारण ती वातावरणाच्या स्वभावातच आहे.

तीस वर्षांच्या सरासरीचा प्रश्न मात्र आजच्या स्थितीवर फारसा अवलंबून नसतो. येत्या 12 एप्रिलला शिवाजीनगरचे कमाल तापमान किती असेल, हे डिसेंबरमध्ये कोणी सांगू शकणार नाही, पण एप्रिल महिना डिसेंबरपेक्षा कितीतरी तापलेला असेल, हे सांगायला कोणी कचरणार नाही, कारण सूर्याकडून मिळणाऱ्या उष्णतेचा हिशेब आपल्याला ठाऊक आहे. कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत सुमारे 280 होते आणि ते आता 420 च्या पुढे गेले आहे. या वाढीमुळे पृथ्वीच्या उष्णतेच्या जमाखर्चात जो फरक पडतो, त्याचा हिशेबही याच जातीचा आहे. त्यातली अनिश्चितता मोठी आहे, पण ती दहा दिवसांच्या अंदाजातल्या अनिश्चिततेहून वेगळ्या कारणांनी येते : ढग कसे बदलतील, समुद्र किती उष्णता खोल नेईल, आणि माणूस यापुढे किती कोळसा व तेल जाळेल. यातले शेवटचे कारण तर प्रारूपाच्या हातात मुळीच नाही.

प्रश्न : अल निनो आला की दुष्काळ, असे दरवर्षी ऐकतो. 1997 साली मोठा अल निनो असूनही देशात पाऊस बरा झाला, आणि 2023 साली आमच्याकडे ऑगस्ट कोरडा गेला. नक्की खरे काय? (इंदापूर)

उत्तर : आपण दिलेली दोन्ही उदाहरणे खरी आहेत आणि त्यांच्यात विसंगती नाही. प्रशांत महासागराच्या विषुववृत्तीय भागातले पाणी नेहमीपेक्षा तापले, म्हणजेच अल निनो आला, की आपल्याकडच्या मोसमी पावसाची शक्यता कमी बाजूला झुकते. तो कमी होईलच, असे नाही. 1997 चा अल निनो विसाव्या शतकातल्या सर्वांत बलवान घटनांपैकी एक होता, तरी देशभराचा पाऊस सरासरीच्या 102 टक्के झाला. 2009 साली तुलनेने साधारण अल निनो होता आणि पाऊस 78 टक्क्यांवर आला. 2015 साली अल निनो बलवान होता आणि पाऊस 86 टक्के होता. 2023 साली हंगामाची बेरीज 94 टक्के भरली, पण त्यातला ऑगस्ट सरासरीपेक्षा 36 टक्के कमी पावसाचा, म्हणजे 1901 पासूनच्या नोंदींतला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, आणि सप्टेंबरने बरीच भरपाई केली. हंगामाच्या बेरजेकडे पाहणाऱ्या कार्यालयाला जे वर्ष सामान्याच्या जवळपास वाटते, ते ऐन वाढीच्या दिवसांत पावसाने ओढ दिलेल्या शेतकऱ्याला तसे वाटणार नाही, आणि माझ्या मते त्याचेच म्हणणे अधिक वजनदार आहे.

अल निनोचा परिणाम प्रत्येक वेळी सारखा का होत नाही, याची काही कारणे माहीत आहेत. हिंदी महासागराचा पश्चिम भाग पूर्व भागापेक्षा तापलेला असेल, तर अल निनोचा परिणाम काही अंशी झाकला जाऊ शकतो; ‘इंडियन ओशन डायपोल’ नावाने ओळखली जाणारी ही घटना संशोधकांनी 1999 साली नीट मांडली. पाणी प्रशांत महासागराच्या मध्यभागी तापले आहे की पूर्वेला दक्षिण अमेरिकेजवळ, यानेही फरक पडतो. शिवाय जून ते सप्टेंबर या काळात पावसाचा जोर आणि उघडीप यांची आलटून पालटून येणारी आवर्तने असतात, आणि ती बऱ्याच अंशी वातावरणाच्या अंतर्गत हालचालींतून उद्भवतात. कोणत्याही महासागराचे तापमान पाहून ती महिने आधी सांगता येत नाहीत.

या विषयाचे मूळ भारतीय हवामान खात्यातच आहे. 1904 ते 1924 या काळात खात्याचे प्रमुख असलेले गिल्बर्ट वॉकर मोसमी पावसाचा अंदाज बांधण्यासाठी जगभरच्या नोंदी तपासत होते, आणि त्यातूनच त्यांना प्रशांत व हिंदी महासागरांवरील हवेच्या दाबाचा झोका, म्हणजे एकीकडे दाब वाढला की दुसरीकडे तो घटण्याचा प्रकार, सापडला. अल निनोशी त्याचे असलेले नाते पुढे अनेक दशकांनी उलगडले. (वॉकर यांचे काम सिमल्याहून चालत असे. मुख्यालय पुण्यात आले ते 1928 साली, आणि शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात.) वॉकर यांच्या पद्धतीचे, म्हणजे जुन्या नोंदींतील सहसंबंधांवर बेतलेले, अंदाज किती फसू शकतात हे 2002 साली दिसले : अंदाज 101 टक्क्यांचा होता आणि पाऊस झाला 81 टक्के. त्यानंतर भर हळूहळू महासागर आणि वातावरण यांची गणिते एकत्र सोडवणाऱ्या प्रारूपांकडे वळला. 2012 साली सुरू झालेल्या मान्सून मिशन या सरकारी कार्यक्रमामार्फत पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचा त्यात मोठा वाटा आहे. 2021 पासून हवामान खाते हंगामी अंदाजासाठी अनेक प्रारूपे एकत्र वापरते. 2023 साठीचा अंदाज 96 टक्के होता, आणि त्यात चार टक्के इकडेतिकडे अशी मुभा होती, म्हणून 94 हा आकडा त्या पट्ट्यात बसतो. त्यात कोरड्या ऑगस्टचा मात्र मागमूस नव्हता.

प्रश्न : प्रारूपे जुन्या निरीक्षणांशी जुळवून घेतलेली असतात, असे वाचले. मग ती जुनी तापमानवाढ बरोबर दाखवतात, यात नवल काय? आणि निरीक्षणांशी ती जुळली नाहीत, तर चूक कोणाची मानायची? (विज्ञान शाखेची विद्यार्थिनी, सदाशिव पेठ)

उत्तर : आपल्या पहिल्या आक्षेपात तथ्य आहे. ढग, पावसाचे थेंब, जमिनीलगतची हवेची घुसळण यांसारख्या गोष्टी प्रारूप हिशेबासाठी पृथ्वीचे ज्या चौकटींत तुकडे पाडते, त्या चौकटींपेक्षा लहान असल्याने त्या समीकरणांतून थेट येत नाहीत. त्यांच्यासाठी सोपी सूत्रे वापरावी लागतात आणि त्या सूत्रांतले काही अंक निरीक्षणे पाहून ठरवले जातात. म्हणून केवळ विसाव्या शतकाचा तापमानाचा आलेख जुळला, हा भक्कम पुरावा नव्हे. जे आधी सांगितले गेले आणि नंतर मोजले गेले, तोच खरा ताळा. हवामानशास्त्रज्ञ स्युकुरो मानाबे आणि रिचर्ड वेदराल्ड यांनी 1967 साली अगदी साध्या प्रारूपातून दाखवले, की कार्बन डायऑक्साइड वाढल्यास जमिनीलगतची हवा तापेल, पण वरचे स्थितांबर, म्हणजे ढगांच्या थराच्याही वरचा वातावरणाचा थर, थंड होईल. सूर्य अधिक तापल्यामुळे वाढ झाली असती, तर स्थितांबरही तापले असते. पुढे उपग्रहांनी आणि फुग्यांनी केलेल्या मोजमापांत वरचे थर थंड होत असल्याचेच आढळले. दुसरे उदाहरण फिलिपिन्समधल्या पिनाटुबो ज्वालामुखीचे. जून 1991 मध्ये त्याचा उद्रेक झाल्यावर जेम्स हॅन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जग सुमारे अर्ध्या अंशाने थंड होईल आणि काही वर्षांत ते सावरेल, असे आधीच प्रसिद्ध केले. घडले ते बरेचसे तसेच.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. प्रारूप आणि निरीक्षण यांत तफावत दिसली, तर तीन शक्यता असतात : प्रारूप चुकले, निरीक्षणात दोष आहे, किंवा दोन्ही बरोबर असून तफावत केवळ हवामानाच्या नैसर्गिक चढउतारांमुळे आहे. लोक तिसरी शक्यता विसरतात. अमेरिकेतील संशोधकांनी एकच प्रारूप अनेकदा चालवून पाहिले. प्रत्येक वेळी सुरुवातीच्या तापमानात एका अंशाचे शंभर लाख कोटी भाग केल्यास त्यांतल्या एका भागाइतका फरक केला होता, बाकी सारे तसेच होते. तरी एकाच प्रदेशातली पन्नास वर्षांची तापमानवाढ काही वेळा भरघोस आणि काही वेळा नगण्य आली. आपण ज्या पृथ्वीवर राहतो, तिचा इतिहास हा अशा अनेक शक्य इतिहासांपैकी एक आहे. म्हणून तुलना सरासरीशी न करता अशा सर्व निकालांच्या संपूर्ण पट्ट्याशी करायला हवी, आणि निरीक्षण त्या पट्ट्याच्या बाहेर वारंवार जाऊ लागले, तरच प्रारूपावर बोट ठेवता येते.

असे बोट ठेवण्याजोगी ठिकाणे आहेत, हेही सांगायलाच हवे. गेल्या चार दशकांत प्रशांत महासागराचा विषुववृत्तीय पूर्व भाग तापण्याऐवजी किंचित थंडच झाला, आणि बहुतेक प्रारूपांना हे साधलेले नाही. भारतावर तर बऱ्याच प्रारूपांत पाऊस प्रत्यक्षापेक्षा कमी आणि विषुववृत्तीय हिंदी महासागरावर जास्त पडतो. ही खोड अनेक पिढ्यांच्या प्रारूपांत टिकून आहे. आणखी एक गुंता भारतातल्या मोसमी पावसाचा आहे. तापलेल्या हवेत दर अंशामागे सुमारे सात टक्के अधिक बाष्प मावते, त्यामुळे प्रारूपे पाऊस वाढेल असे सांगतात. प्रत्यक्षात 1951 ते 2015 या काळात तो सुमारे सहा टक्क्यांनी घटला, आणि ही घट गंगेच्या खोऱ्यात व पश्चिम घाटात ठळक आहे. हे आकडे पृथ्वीविज्ञान मंत्रालयाच्या 2020 च्या अहवालातले आहेत. धूर आणि धूलिकणांमुळे सूर्यप्रकाश अडला, हे त्याचे एक मोठे कारण मानले जाते. त्याच काळात मध्य भारतात दिवसाला 150 मिलिमीटरहून अधिक पावसाच्या घटना सुमारे 75 टक्क्यांनी वाढल्या. एकूण पाऊस घटला आणि मुसळधार वाढली, असे हे दुहेरी चित्र आहे, आणि केवळ एकच आकडा पुढे करणाऱ्याचे ऐकताना सावध राहावे.

प्रश्न : पावसाच्या जुन्या नोंदी सामान्य माणसाला मिळतात का? (चिंचवड)

उत्तर : मिळतात. हवामान खात्याच्या पुणे कार्यालयाच्या संकेतस्थळावर 1901 पासूनची देशभराची चौकटनिहाय दैनिक आकडेवारी विनामूल्य उपलब्ध आहे, आणि मौसमविज्ञान संस्थेकडे 1871 पासूनची मासिक मालिका आहे. आकडे उघडण्यासाठी थोडे संगणकाचे ज्ञान लागते.

प्रश्न : आमच्या ओढ्याला 2019 च्या सप्टेंबरात पूर आला. वीस वर्षांनी आमच्या भागात पाऊस किती वाढेल, याचा निश्चित आकडा का मिळत नाही? (सहकारनगर)

उत्तर : जागतिक प्रारूपाची एक चौकट साधारण शंभर किलोमीटरची असते. लोणावळ्यात वर्षाला सुमारे 4000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि शिवाजीनगरला 700 च्या आसपास. ही दोन्ही ठिकाणे, त्यांच्यामधला घाटमाथा आणि शिवाय कोकणचा काही भाग, हे सारे एकाच चौकटीत मावते. सह्याद्रीचा सरळसोट कडा तिथे एक पसरट उंचवटा होऊन बसतो, आणि पुण्याला पर्जन्यछायेत ठेवणारे कारणच पुसट होते. प्रादेशिक प्रारूपे चौकट लहान करतात, आणि त्यामुळे घाटाचा पाऊस सुधारतो, पण बाहेरून येणारे वारे व बाष्प जागतिक प्रारूपाकडूनच मिळत असल्याने तिथल्या चुकाही सोबत येतात. मे 2025 मध्ये पाषाणच्या संस्थेत विकसित झालेली सहा किलोमीटर चौकटीची प्रणाली कार्यान्वित झाली, परंतु ती काही दिवसांच्या अंदाजासाठी आहे.

म्हणून प्रभागापुरता निश्चित आकडा कोणी देत असेल, तर त्याला तो कोणत्या प्रारूपातून, किती वेळा चालवून आणि किती रुंद पट्ट्यासह आला, हे विचारावे. आणि आपल्या ओढ्याच्या बाबतीत त्या आकड्याची वाट पाहण्याची गरजही नाही. तासाभरात पडणारा जोराचा पाऊस वाढण्याकडे कल आहे, एवढे पुरेसे भक्कम आहे. पात्रावरचे बांधकाम आणि अरुंद झालेले पूल हे तर आजच मोजता येतात. महापालिकेकडे ओढ्याच्या मूळ रुंदीचे आणि सध्याच्या रुंदीचे नकाशे मागून दोन्हींची तुलना केल्यास, संगणकाच्या कोणत्याही निष्कर्षापेक्षा अधिक उपयोगी माहिती आपल्या हाती येईल.