गाडीभाडं कुणी भरलं?

प्रश्न: ताई, मी म्हापशाला कॉलेजात आहे. जॅक केरुआकची ‘ऑन द रोड’ ही अमेरिकाभर भटकणाऱ्या मित्रांची कादंबरी वाचली आणि अक्षरशः वेड लागलं. पण त्यातल्या बायका नुसत्या येतात नि जातात, ते खटकतं. मित्र म्हणतो काळच तसा होता, तू उगाच फेमिनिझम काढतेस. माझं चुकतंय का? – एक वाचक

उत्तर: नाही गो, अजिबात चुकत नाहीये. मलाही कॉलेजात हेच ऐकवलेलं आणि मी गप्प बसले होते, त्याचं अजून वाईट वाटतं.

ते कापूस वेचायचं प्रकरण परत काढून बघ. सॅलला, म्हणजे गोष्ट सांगणाऱ्याला, केरुआकने स्वतःवरूनच रंगवलेल्या, बसमध्ये टेरी भेटते, लहान पोर असलेली मेक्सिकन मुलगी. शेतात ह्याची बोटं सोलवटतात, ती आणि तिचं पोर मात्र ह्याच्यापेक्षा भराभर वेचतात. म्हणजे काम येतं तिला, तरी गोष्ट त्याचीच, आणि थोड्या दिवसांनी तो निघून जातो, ती मागेच राहते. ही टेरी खरी होती, बी फ्रँको नावाची. आपण ह्या पुस्तकात आहोत हे तिला पार म्हातारपणी कळलं, तेही टिम हर्नांडेझ हा लेखक शोधत तिच्या दारात पोचला म्हणून!

आता पैशाकडे बघ. सॅलचे पैसे संपले की मावशी पाठवते, त्याचा दोस्त डीन ह्याला गाडी जोरात पळवल्याबद्दल दंड होतो तर तोही तीच भरते. खऱ्या आयुष्यात ती केरुआकची आई, बुटांच्या कारखान्यात राबायची. म्हणून मला ‘काळच तसा होता’ हे उत्तर पटत नाही, कारण कमावणाऱ्या बायका त्याच काळात, त्याच घरात होत्या, त्यांच्या जिवावरच तर हे फिरत होते.

आपल्या गोव्यातल्या हणजुणचंही तेच. हिप्पींच्या गोष्टी म्हटलं की बीच आणि गिटार. माझ्या मावशीने घरातल्या दोन खोल्या त्यांना भाड्याने दिलेल्या, विहिरीचं पाणी काढून द्यायची, कुणी तापाने पडला तर पेज करून घालायची, ती मला अजून एकाही गोष्टीत सापडलेली नाही.

पुस्तक सोडू नकोस मात्र. त्यातल्या भाषेचा वेग मलाही आवडतो, तो खोटा नाही. फक्त जोडीला जॉयस जॉन्सनचं ‘मायनर कॅरॅक्टर्स’ (१९८३) हे आठवणींचं पुस्तक वाच. ही तेव्हाची केरुआकची मैत्रीण, वय एकवीस, स्वतःची कादंबरी लिहीत होती. सप्टेंबर १९५७ मध्ये मध्यरात्री दोघं पेपरच्या स्टॉलवर गेले आणि तिथेच उभं राहून ‘ऑन द रोड’चा रिव्ह्यू वाचला, सकाळी तो फेमस. आणि त्याला न्यूयॉर्कला यायला बसचं भाडं कुणी पाठवलेलं? तिनेच.

वाचून झालं की मित्राला दे, आणि तो काय म्हणतो ते मला नक्की कळव.