ब्लेड चॅसिसमधला स्विच : दिवा हिरवा, तरी नेटवर्क बंद

ब्लेड म्हणजे पातळ पाटीसारखा सर्व्हर, आणि असे अनेक ब्लेड ज्या एका पेटीत बसतात ती चॅसिस. या चॅसिसमध्ये बसणाऱ्या इथरनेट स्विचबद्दल बरेच प्रश्न आले आहेत. त्यांतल्या काहींची ही उत्तरं.

प्रश्न : कॉलेजच्या लॅबसाठी जुनं आयबीएम ब्लेडसेंटर घेतलं. स्विच पहिल्या बेमध्ये (खाचेत) बसवला, तो सुरूही झाला. पण बाहेरच्या पोर्टमध्ये केबल लावली तर दिवा लागत नाही. स्विच खराब आहे का?

बहुधा नाही. या चॅसिसमध्ये स्विचचे बाहेरचे पोर्ट चालू-बंद करण्याचा अधिकार मॅनेजमेंट मॉड्यूलकडे (अख्खी चॅसिस सांभाळणारा भाग) असतो, आणि ते मुळात बंदच असतात. केबली बदलत बसू नका. लॅपटॉपला १९२.१६८.७०.१०० असा पत्ता द्या, मॅनेजमेंट मॉड्यूलला जोडा आणि ब्राउझरमध्ये १९२.१६८.७०.१२५ उघडा. युजरनेम ‘यूझरआयडी’ (USERID), सगळी अक्षरं कॅपिटल. पासवर्ड म्हणजे ‘पासवर्ड’ हाच इंग्रजी शब्द, तोही कॅपिटलमध्ये, फक्त ‘ओ’च्या जागी शून्य (PASSW0RD). जुन्या मालकाने तो बदलला असेल तर मॉड्यूलवरचं रीसेट बटण पिनने ठरावीक क्रमाने दाबावं लागतं. नुसतं एकदा दाबलं तर फक्त आयपी मूळपदावर येतो.

आत गेल्यावर आय-ओ मॉड्यूलच्या (म्हणजे इथे स्विचच्या) अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये ‘एक्स्टर्नल पोर्ट्स’ एनेबल करा. पहिल्या बेमधल्या स्विचचा मूळ पत्ता १९२.१६८.७०.१२७, दुसऱ्यातल्याचा १२८. मॅनेजमेंट मॉड्यूलचा सबनेट (पत्त्यांचा गट) बदलणार असाल तर स्विचचाही त्याच सबनेटमध्ये न्या, नाहीतर त्या वाटेने स्विच सापडणार नाही. आणि हा पासवर्ड अख्ख्या जगाला ठाऊक आहे, तेव्हा पहिल्याच दिवशी बदला.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेत एका चॅसिसमध्ये दोन स्विच आहेत. प्रत्येक ब्लेडचं एक नेटवर्क कार्ड एकेका स्विचला जातं, ईएसएक्सआयमध्ये (व्हर्च्युअल मशीन चालवणारी प्रणाली) टीमिंगही (एक वाट गेली तर दुसरी वापरावी म्हणून दोन कार्डं एकत्र करणं) केलं आहे. तरी वरचा एक कोअर (मुख्य) स्विच बंद पडला तेव्हा निम्म्या व्हर्च्युअल मशीन तुटल्या. दोन वाटा असून उपयोग काय?

टीमिंग बिघडलेलं नाही, त्याला बातमीच पोचली नाही. ब्लेड आणि चॅसिसमधला स्विच यांच्यामध्ये केबल नसते. ती जोडणी मिडप्लेनच्या, म्हणजे चॅसिसमधल्या मधल्या बोर्डाच्या, सर्किटमधून होते. बाहेरच्या सगळ्या अपलिंक (कोअरकडे जाणाऱ्या जोडण्या) गेल्या तरी ही आतली लिंक चालूच राहते. ईएसएक्सआय फक्त लिंक आहे की नाही एवढंच बघतं, त्यामुळे त्याच्या लेखी सगळं ठीक असतं आणि पॅकेट त्या मुक्या स्विचमध्ये जाऊन मरतात.

उपाय म्हणजे अपलिंक गेली की स्विचने आतले पोर्टही स्वतःहून पाडायचे. सिस्कोच्या ब्लेड स्विचमध्ये याला लिंक स्टेट ट्रॅकिंग म्हणतात : आधी ग्रुप चालू करा, मग अपलिंक ‘अपस्ट्रीम’ आणि ब्लेडकडचे पोर्ट ‘डाउनस्ट्रीम’ म्हणून त्यात घाला. अपलिंकचा इथरचॅनेल (अनेक पोर्ट मिळून एक जोडणी) केला असेल तर ग्रुप चॅनेलला लावा, त्यातल्या सुट्या पोर्टांना नाही. एचपीच्या व्हर्च्युअल कनेक्टमध्ये हेच काम ‘स्मार्ट लिंक’ करतं. ईएसएक्सआयमधलं बीकन प्रोबिंग (कार्डांनी एकमेकांना चाचणीची पॅकेट पाठवून वाट तपासणं) हा दुसरा मार्ग आहे, पण दोनच कार्डं असतील तर नक्की कोणती वाट मेली हे त्याला ठरवता येत नाही. तुमच्याकडे दोनच आहेत, तेव्हा तो विचार सोडा.

मात्र दोन्ही ब्लेड स्विचच्या अपलिंक एकाच कोअर स्विचला गेल्या असतील तर हे सगळं उलटेल. तो कोअर रीस्टार्ट झाला की सगळ्या ब्लेडची दोन्ही कार्डं एकदम पडतील, चॅसिसमधल्या चॅसिसमध्ये चालणारं कामही थांबेल. अपलिंक दोन वेगळ्या कोअरना द्या. आणि चाचणी घेताना ब्लेड काढून बघू नका, अपलिंकची केबल ओढून बघा. बहुतेक ठिकाणी नेमकी हीच चाचणी होत नाही, कारण ब्लेड सर्व्हर टीमचं, अपलिंक नेटवर्क टीमची, आणि मधला स्विच कोणाचाच नाही.

प्रश्न : मग ब्लेडकडूनच दोन्ही स्विचना मिळून एक एलएसीपी ग्रुप (अनेक लिंक मिळून एकच लिंक) केला तर?

दोन स्वतंत्र स्विचवर एक एलएसीपी ग्रुप बसत नाही. दोघे मिळून एकच स्विच असल्यासारखे वागत असतील तरच जमतं. उदाहरणार्थ डेलच्या एम१०००ई चॅसिससाठीचे सिस्को कॅटॅलिस्ट ३१३० स्टॅक होतात. नाहीतर ईएसएक्सआयची मूळ पद्धत, व्हर्च्युअल पोर्टनुसार वाटणी, पुरेशी आहे.

प्रश्न : नवीन ब्लेड नेटवर्कवरून बूट होत नाही, डीएचसीपीचा (आपोआप आयपी देणारी सेवा) पत्ताच मिळत नाही. एकदा ऑपरेटिंग सिस्टीम बसली की तेच कार्ड नीट चालतं.

यात दोन संशयित. पहिला स्पॅनिंग ट्री, म्हणजे नेटवर्कमध्ये चक्र होऊ न देणारी पद्धत. जुन्या पद्धतीत पोर्ट चालू झाल्यावर ऐकणं १५ आणि शिकणं १५ असे ३० सेकंद तो काहीच पुढे पाठवत नाही, तोवर बूट रॉम (नेटवर्कवरून बूट करणारा कार्डातला प्रोग्राम) कंटाळून जातं. ब्लेडकडच्या पोर्टांवर पोर्टफास्ट (ही वाट न बघता पोर्ट लगेच चालू करणारी सेटिंग) लावा. ते ट्रंक (अनेक व्हीलॅन, म्हणजे एकाच स्विचवरची वेगवेगळी आभासी नेटवर्कं, वाहून नेणारे) असतील तर पोर्टफास्टचा ट्रंकवाला पर्याय निवडा. साधी कमांड ट्रंकवर लागू होत नाही. सोबत बीपीडीयू गार्डही (पलीकडे चुकून दुसरा स्विच जोडला गेला तर पोर्ट बंद करणारा) लावा. अपलिंकवर मात्र पोर्टफास्ट अजिबात नको.

दुसरा संशयित नेटिव्ह व्हीलॅन. बूट रॉम बहुधा टॅग (व्हीलॅनची खूण) न लावता बोलतं, म्हणून त्याचं पॅकेट नेटिव्ह व्हीलॅनमध्ये जातं. डीएचसीपी सर्व्हर दुसऱ्याच व्हीलॅनमध्ये असेल तर उत्तर येणार कुठून? ब्लेडकडचा पोर्ट, अपलिंक आणि कोअर, तिन्ही ठिकाणी तो व्हीलॅन पोचतो का ते क्रमाने बघा. शेवटी कॉन्फिगरेशन सेव्ह करा. सेव्ह न करता मॉड्यूल काढून पुन्हा बसवलं तर केलेलं सगळं जातं.

प्रश्न : स्विचऐवजी पास-थ्रू मॉड्यूल (प्रत्येक ब्लेडची जोडणी थेट बाहेर आणणारं) घेऊ का? स्वस्त पडतं.

एचपीच्या सी७००० मध्ये अर्ध्या उंचीची १६ ब्लेड बसतात. दोन पास-थ्रू घेतलेत तर मागून ३२ केबली निघतील आणि कोअरवर ३२ पोर्ट लागतील. त्या पोर्टांची किंमत धरा, मग स्वस्त कुठलं ते ठरवा. चार-पाच ब्लेडच असतील आणि प्रत्येक पोर्ट नेटवर्क टीमच्याच ताब्यात हवा असेल, तर मी पास-थ्रूच घेईन.