गोदावरीवरच्या माहितीपटाविषयी

प्रिय मैत्रिणीस,

सप्रेम नमस्कार.

नाशिकच्या गोदावरीवर माहितीपट करण्याचा तुझा आराखडा वाचला. त्यात रामकुंडावरची आरती आहे, नाल्याच्या तोंडाशी साचलेला फेस आणि पाणवेली आहेत, आणि शेवटी एका तज्ज्ञाची मुलाखत आहे. ही दृश्ये खोटी नाहीत. परंतु त्यांतून पवित्र नदी आणि घाण नदी अशा दोनच नद्या दिसतात, आणि नदीशी ज्यांचे रोजचे काम पडते ती माणसे मधल्यामध्ये हरवतात. माझे मत असे की तू नदीपेक्षा नदीकडे पाहणाऱ्यांचे चित्रण करावेस, आणि त्या पाहणाऱ्यांत आपल्या कॅमेऱ्याचीही गणना करावीस.

नाशिकमध्ये हा विचार करायला एक जवळचे निमित्त आहे. दादासाहेब फाळके यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वरी, म्हणजे गोदावरीच्या उगमाच्या गावी झाला, आणि त्यांच्या १९१९ सालच्या 'कालिया मर्दन'मध्ये त्यांची मुलगी मंदाकिनी बाळकृष्ण झाली होती. त्या पुराणकथेत यमुनेचा डोह विषारी करणारा एक नाग आहे आणि त्याला नमवणारा एक बालक आहे. नाग निघून गेला की पाणी पुन्हा निर्मळ होते. प्रदूषणावरचे आपले कितीतरी माहितीपट नकळत याच कथेचा आधार घेतात, म्हणजे एक दोषी शोधतात, त्याला नागाच्या जागी बसवतात आणि कोणा एका झुंजार माणसाकडे कृष्णाची भूमिका देतात. तू कालिया शोधू नकोस. नासर्डी आणि वाघाडी या शहरातल्या छोट्या नद्या गोदावरीला मिळतात तेव्हा त्यांच्याबरोबर जे सांडपाणी येते ते शहरातल्या साध्या न्हाणीघरांतून आणि मोऱ्यांतून निघालेले असते, आणि श्रद्धेने रामकुंडात उतरणाऱ्यांपैकी अनेकांची घरेही त्याच शहरात असतात. नाल्याच्या तोंडापाशी चित्रीकरण थांबवण्याऐवजी त्याच नाल्याच्या काठाने उलट वर चालत जा आणि एखाद्या घराच्या मोरीपर्यंत पोहोच.

आता दुतोंड्या मारुतीविषयी, म्हणजे रामकुंडाजवळ नदीपात्रात उभ्या असलेल्या मारुतीच्या उंच मूर्तीविषयी. तुझ्या आराखड्यात तो पुराच्या एका ओझरत्या दृश्यात आला आहे, आणि मला वाटते की चित्रपटाचा मोठा भाग त्याच्या आसपास घडावा. गंगापूर धरणातून किती क्युसेक विसर्ग सुरू आहे हे पाटबंधारे खाते सांगते, पण गावाला पूर कळतो तो पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागले, कमरेला आले की छातीपर्यंत चढले यावरून. नदी मोजण्याच्या या दोन पद्धती एकाच वेळी, एकाच शहरात नांदतात, आणि त्यांतली कोणतीही अडाणी नाही. २०१९च्या ऑगस्टसारखा मोठा पूर आला की वृत्तवाहिन्यांचे कॅमेरे मारुतीवर रोखले जातात. तुझा कॅमेरा त्या वेळी पाठ फिरवून उभा असावा आणि मारुतीकडे पाहणाऱ्यांचे चेहरे, बुधवारच्या बाजारातल्या विक्रेत्यांची हलवाहलव, आणि टपरी कधी उचलायची याचा एखाद्याने बघताबघता बांधलेला अंदाज टिपावा. त्याला तो अंदाज कसा येतो हे विचारण्याची घाई करू नकोस; त्याचे काम पूर्ण होईपर्यंत दृश्य तोडू नकोस. सिंहस्थाची गर्दी दाखवायला शेकडो कॅमेरे असतील, ते काम त्यांच्यावर सोपव.

ड्रोनच्या दृश्यांबद्दल मी थोडा कठोर आहे. उंचावरून नदी नकाशासारखी दिसते, म्हणजे प्रकल्प आखणाऱ्याला दिसते तशी. ती नजर तुला दाखवायचीच असेल तर तिचा धनी कोण हेही दाखव. गोदावरीवरच्या, पैठणजवळच्या जायकवाडी धरणाचे उदाहरण घे. दुष्काळी वर्षी नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतल्या धरणांतून तिकडे पाणी सोडायचे ठरले की वरच्या शेतकऱ्याला आपले पाणी चालले असे वाटते आणि खाली पैठणच्या बाजूला आपले हक्काचे पाणी उशिरा आले असे वाटते. कागदावर ते काही टीएमसी, म्हणजे काही अब्ज घनफूट असते. दोन्हीकडच्या माणसांना आपापल्या काठावरून, आपल्या डोळ्यांच्या उंचीवरून बोलू दे, आणि निवाडा निवेदकाच्या तोंडी घालू नकोस.

शेवटी संकलनाविषयी. फ्रेंच चित्रपटकार झाँ रूश यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला पश्चिम आफ्रिकेतल्या नायजर नदीवरच्या सोर्को जमातीच्या शिकाऱ्यांची पाणघोड्याची शिकार चित्रित केली आणि पुढे तो चित्रपट त्याच गावात पडदा लावून त्यांना दाखवला. पाठलागाच्या प्रसंगी रूश यांनी शिकाऱ्यांच्याच परंपरेतले, त्यांना चेतवणारे संगीत जोडले होते. शिकाऱ्यांनी आक्षेप घेतला की पाण्याखालच्या पाणघोड्याला चांगले ऐकू येते आणि शिकारीत शांतता पाळावी लागते, हे संगीत ऐकून तो पळून जाईल. रूश यांनी संगीत काढून टाकले. नदीविषयीचे असे ज्ञान चित्रीकरणाच्या वेळी प्रश्न विचारून त्यांना मिळालेले नव्हते. ते पडद्यावर चूक दिसल्यामुळे बाहेर आले.

म्हणून पहिले कच्चे संकलन झाले की ते घाटावरच्या विक्रेत्यांना, पुरोहितांना आणि धुणे धुणाऱ्या बायकांना दाखव, आणि तेथे समर्थन न करता फक्त लिहून घे. तुझ्या पार्श्वसंगीताबद्दल मला शंका आहे, पण त्यावरचा निर्णय त्यांच्याकडूनच यावा. त्यांच्या सूचनांनंतरची प्रत मला पाठव. आधीची पाठवू नकोस.

तुझा हितचिंतक